आराधना एकाच देवाची

ख्रिस्ती धर्मातल्या दहा आज्ञांपैकी पहिली आज्ञा आराधनेची आहे. परमेश्वराखेरीज दुसऱ्या कुणालाही देव मानायचे नाही, असे ती सांगते. आईवडिलांचा मान राखणे, खून, चोरी आणि व्यभिचार न करणे, खोटी साक्ष न देणे या पुढच्या आज्ञांना आधार मिळतो तो या पहिल्या आज्ञेचा. संताच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावताना ख्रिस्ती माणसाच्या मनात काय असावे, सत्तेपुढे त्याने कुठवर वाकावे, पैशाला किती किंमत द्यावी, हे सगळे प्रश्न शेवटी तिच्यापाशीच येऊन थांबतात.

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर ही एकच आज्ञा दोन वेगळ्या रीतींनी पाळली जाते. सफाळे-केळवे भागातले माकुणसार हे गाव मध्ये धरले, तर दक्षिणेला वैतरणेपलीकडे वसईचा जुना कॅथलिक समाज आहे. उत्तरेला डहाणूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या ब्रेदरन मिशनची प्रॉटेस्टंट परंपरा आहे. वसईच्या चर्चमध्ये संतांचे पुतळे, फुले, मेणबत्त्या आणि जपमाळा असतात. ब्रेदरन परंपरेत उपासनेच्या जागी पुतळ्याला स्थान नाही. तरीही आम्ही आराधना एकाच देवाची करतो, असे दोन्हीकडची मंडळी तितक्याच ठामपणे सांगतात. ते कसे, हे कळण्यासाठी त्या आज्ञेच्या उगमापर्यंत जावे लागते.

सीनाय पर्वतावरची आज्ञा

बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकात दहा आज्ञांची सुरुवात हुकमाने होत नाही. मिसर देशातल्या गुलामगिरीतून मीच तुम्हाला सोडवले, अशी परमेश्वर आधी स्वतःची ओळख देतो आणि मग आपल्याखेरीज अन्य देव मानू नका असे सांगतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुटका, मग आज्ञा. ज्याने सोडवले त्याच्याशी इमान राखणे हा एकदेवनिष्ठेचा गाभा आहे. देव किती, याची नुसती मोजदाद इथे नाही.

‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात हीच श्रद्धा एका छोट्या घोषणेत आली आहे. परमेश्वर एकच आहे आणि त्याच्यावर संपूर्ण मनाने, जिवाने आणि शक्तीने प्रीती करावी, असा तिचा आशय. यहुदी लोक ती रोज सकाळ-संध्याकाळ म्हणतात.

या आज्ञा घ्यायला लोकांचा नेता मोशे सीनाय पर्वतावर गेला असतानाच खाली लोकांनी सोन्याचे वासरू घडवले. त्यासाठी दागिने त्यांचेच वितळवले गेले आणि त्या वासरापुढे उत्सव जाहीर झाला तो परमेश्वराच्याच नावाने. कथेतला हा बारकावा पुढच्या सगळ्या इतिहासात उपयोगी पडतो. देवाचे नाव तेच ठेवूनही माणूस आपल्या सोयीचा देव घडवू शकतो, हा धोका तिथे पहिल्यांदा दिसला.

येशूने दिलेला अर्थ

येशू यहुदी घरात वाढला आणि ही आज्ञा त्याने जशीच्या तशी पुढे नेली. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार अरण्यात चाळीस दिवस उपवास केल्यावर सैतानाने त्याला जगातली सारी राज्ये दाखवली आणि पाया पडण्याच्या बदल्यात ती देऊ केली. तेव्हा येशूने ‘अनुवाद’मधल्याच वचनाचा आधार घेऊन ते नाकारले. आराधना परमेश्वराची आणि सेवाही त्याचीच, हे त्याचे उत्तर होते. त्याने आराधना आणि सेवा एकत्र ठेवली. ज्याच्या पाया पडायचे त्याचेच काम आयुष्यभर करायचे, असा त्याचा अर्थ होतो.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या प्रश्नावर त्याने देवावरच्या प्रीतीची आज्ञा सांगितली आणि तिला शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा जोडली. शोमरोनी स्त्रीने विहिरीपाशी त्याला विचारले होते की आराधना या डोंगरावर करावी की यरुशलेमात? खरी आराधना जागेवर ठरत नाही, ती आत्म्याने आणि खरेपणाने करायची असते, असे त्याने तिला सांगितले. ख्रिस्ती उपासना पुढे रोमच्या भव्य मंदिरांत, वसईच्या वाडीतल्या क्रुसापाशी आणि डहाणूच्या एखाद्या घरातही होऊ शकली, तिची मुळे या उत्तरात आहेत.

एक देव, तीन व्यक्ती

येशूच्या शिष्यांपुढे लवकरच एक अवघड प्रश्न आला. देव एकच आहे असे मानणारे हे यहुदी लोक येशूला प्रभू म्हणू लागले, त्याच्या नावाने प्रार्थना करू लागले. मग देव दोन झाले काय?

चर्चने याचे उत्तर सावकाश आणि मोठ्या वादानंतर दिले. ३२५ साली निकिया येथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मसभांनी ते शब्दबद्ध केले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती आहेत, पण त्यांचे ईश्वरत्व एकच आहे. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला दुय्यम देव नाही. तसा तो असता तर त्याची आराधना करणे म्हणजे पहिली आज्ञा मोडणेच ठरले असते. पुत्राला निर्मिलेला मानणाऱ्या एरियसचे मत निकियाच्या सभेने नाकारले त्यामागे हीच काळजी होती. मराठी ख्रिस्ती माणूस याला पवित्र त्रैक्य म्हणतो आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने क्रुसाची खूण करून दिवस सुरू करतो. कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, म्हणजे मिस्सामध्ये, प्रार्थना बहुतेक वेळा पित्याला उद्देशून असते. ती पुत्राच्या द्वारे आणि पवित्र आत्म्याच्या ऐक्यात केली जाते.

सम्राटापुढची कसोटी

रोमन साम्राज्यात कुणी कोणता देव मानावा यावर फारसे बंधन नव्हते. अट एवढीच होती की राज्याच्या देवांना आणि सम्राटाच्या प्रतिमेला मान द्यावा. ख्रिस्ती लोकांनी नेमके तेच नाकारले. बिथिनिया प्रांताचा शासक प्लिनी याने ११२ सालाच्या सुमारास सम्राट ट्रेजनला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. संशयितांना देवांचे नाव घ्यायला लावायचे, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य अर्पण करायला सांगायचे आणि ख्रिस्ताची निंदा करायला लावायची, अशी त्याची चौकशीची पद्धत होती. खरा ख्रिस्ती यातले काहीही करणार नाही, हे त्यालाही ठाऊक होते. दुसऱ्या शतकात स्मर्णा शहराचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याच कारणाने मारला गेला. इतरांचे देव न मानणाऱ्या या लोकांवर त्या काळी निरीश्वरवादी असल्याचा आरोप होत असे.

स्वतः प्रेषितांनीही आपल्याला मिळणारी पूजा थांबवली होती. लुस्त्र गावात एका पांगळ्याला बरे केल्यावर लोक पौल आणि बर्णबा यांना देव समजून बैल बळी द्यायला निघाले, तेव्हा दोघांनी आपली वस्त्रे फाडून लोकांना आवरले. कर्नेल्य नावाचा रोमन अधिकारी पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवले आणि आपणही माणूसच आहोत असे सांगितले. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात तर देवदूतही पाया पडणाऱ्या योहानाला थांबवून देवाकडे वळवतो.

प्रतिमांचा वाद

दहा आज्ञांत कोरीव मूर्ती करून तिच्या पाया न पडण्याचीही आज्ञा आहे. कॅथलिक आणि लुथरन परंपरा संत ऑगस्टिन यांच्या मांडणीप्रमाणे तिला पहिल्या आज्ञेचाच भाग मानतात. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड परंपरा तिला वेगळी, दुसरी आज्ञा मानतात. म्हणूनच दोन मराठी ख्रिस्ती घरांतल्या मुलांनी पाठ केलेल्या दहा आज्ञांचे क्रमांक कधीकधी जुळत नाहीत.

बायबलमध्ये प्रतिमांना सरसकट बंदी नाही. कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब घडवण्याची आज्ञा देवानेच दिली होती. अरण्यात सर्पदंश झालेल्यांना जीवदान मिळावे म्हणून मोशेने पितळेचा साप उभारला तोही देवाच्या सांगण्यावरून. पण शतकानुशतकांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. वस्तू तीच होती. तिचा वापर बदलला, म्हणून ती फोडावी लागली.

आठव्या शतकात बायझंटाईन सम्राटांनी चर्चमधल्या प्रतिमा काढण्याचा सपाटा लावला, तेव्हा हा वाद पेटला. देव ख्रिस्तात देहधारी झाला, डोळ्यांना दिसला, म्हणून त्याचे चित्र काढणे गैर नाही, असे दमास्कसचे योहान यांनी मांडले. ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने निर्णय दिला. आराधना फक्त ईश्वराची; प्रतिमेला दिला जातो तो मान, आणि तो मान ज्याची प्रतिमा आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च आजही हाच निर्णय मानतात.

वसईत मान आणि आराधना

या निर्णयाचा व्यवहारातला अर्थ वसईत जवळून पाहता येतो. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यानंतर इथे कॅथलिक वस्ती वाढली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले, पण सामवेदी, वाडवळ आणि कोळी समाजातली ख्रिस्ती कुटुंबे आपली श्रद्धा सांभाळून इथेच राहिली. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. पालघर तालुकाही याच धर्मप्रांतात येतो.

भारतातले पहिले संत मानले जाणारे गोन्सालो गार्सिया या वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईत येशूसंघीय धर्मगुरूंकडे शिकून ते जपानला गेले, पुढे व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. जपानी भाषा येत असल्याने १५९३ मध्ये दुभाषा म्हणून ते पुन्हा जपानात गेले. जपानचा शासक हिदेयोशी याच्या आज्ञेने पकडलेल्या सव्वीस जणांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारण्यात आले; त्यांत गोन्सालोही होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. वसईतल्या गास येथील चर्च त्यांच्या नावाचे आहे.

जो माणूस देवावरची निष्ठा सोडायला तयार झाला नाही म्हणून मारला गेला, त्याचीच पूजा सुरू झाली तर त्याच्या मरणाचा अर्थच हरवेल. म्हणून संताच्या सणालाही मिस्सा देवालाच अर्पण केली जाते. चर्चला नाव संताचे असले तरी वेदी देवाची असते. हुतात्म्यांसाठी आम्ही मंदिरे बांधत नाही आणि त्यांना बळी अर्पत नाही, असे संत ऑगस्टिन यांनी पाचव्या शतकातच स्पष्ट केले होते. सणाच्या दिवशीची मुख्य प्रार्थना संताकडे काही मागत नाही. या माणसाला शेवटपर्यंत टिकण्याचे बळ दिल्याबद्दल ती देवाचे आभार मानते आणि तेच बळ आपल्यालाही मागते.

हाच फरक संतांच्या नामावळीच्या प्रार्थनेत ऐकू येतो. देवाचे नाव घेतल्यावर लोक दया मागतात. येशूची आई मरिया आणि संत यांचे नाव घेतल्यावर मात्र ते दया मागत नाहीत, आमच्यासाठी देवाकडे विनंती करा एवढेच म्हणतात. आजारपणात शेजारणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणावे, तसाच हा व्यवहार आहे. फक्त शेजारीण स्वर्गातली. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये माणसे हाता-पायाच्या, घराच्या आकाराच्या मेणबत्त्या वाहतात. चर्चच्या शिकवणीप्रमाणे त्यांची विनंती मरियेच्या मध्यस्थीने देवाकडे जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) चर्चविषयीच्या दस्तऐवजात मरियेवर संपूर्ण अध्याय लिहिला आणि तिच्याविषयीचा खास आदर देवाच्या आराधनेहून मूलतः वेगळा असल्याचे सांगितले. अतिशयोक्ती टाळण्याचा उपदेशही त्यात आहे, कारण सीमा पुसट होण्याचा धोका चर्चला ठाऊक आहे.

शुभ शुक्रवारी वसईची माणसे रांगेने येऊन क्रुसाचे चुंबन घेतात. ते लाकडाला देव मानत नाहीत. त्यावर प्राण दिलेल्या ख्रिस्ताला शरण जातात. पवित्र साक्रामेंतापुढे, म्हणजे मिस्सात अर्पण केलेल्या भाकरीपुढे, गुडघे टेकले जातात तेव्हा गोष्ट वेगळी असते. त्या भाकरीत ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो अशी कॅथलिक श्रद्धा असल्यामुळे तिथे होते ती पूर्ण अर्थाने आराधनाच.

डहाणूची साधी उपासना

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांना आराधना आणि मान यांतली ही रेघ सामान्य माणसाच्या मनात टिकत नाही असे वाटले. १५२४ मध्ये झुरिकच्या चर्चमधून प्रतिमा हटवण्यात आल्या. अडाण्यांना शिकवण्याचे साधन म्हणूनसुद्धा चर्चमध्ये चित्रे नकोत, देवाला आपल्या लोकांना वचनाच्या उपदेशानेच शिकवायचे आहे, अशी भूमिका १५६३ च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीने घेतली. संतांची मध्यस्थीही धर्मसुधारकांनी नाकारली. ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ असताना दुसऱ्याकडे जाण्याचे कारण काय, असा त्यांचा प्रश्न होता.

ब्रेदरन परंपरा १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी सुरू झाली आणि पुढे अमेरिकेत स्थिरावली. तिचे मिशनरी १८९० च्या दशकात वलसाडला आणि नंतर डहाणूला आले. त्यांनी शाळा काढल्या, डहाणूत रुग्णालय चालवले. त्यांच्या उपासनेत पवित्र शास्त्राचे वाचन, गीते, प्रार्थना आणि प्रवचन यांना मुख्य जागा आहे. बाप्तिस्मा घेणारा पाण्यात गुडघे टेकतो आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने तीनदा पुढे वाकवून बुडवला जातो. ज्या त्रैक्याची व्याख्या निकियात झाली, ते इथे अंगावर घेतले जाते. प्रभुभोजनाच्या वेळी मंडळीतले लोक एकमेकांचे पाय धुतात. देवाखेरीज कुणापुढे वाकायचे नाही असे मानणारी माणसे सेवेसाठी एकमेकांपुढे वाकतात, आणि येशूने सांगितलेली आराधना-सेवेची जोडी त्यातून दिसते. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ब्रेदरन मंडळी अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि इतर परंपरांसह तिच्यात सामील झाली.

दोन्ही रीतींत एक धोका आहे आणि एक शहाणपणही. पुतळे ठेवणाऱ्याला पुतळ्यापाशीच अडकण्याचा धोका असतो. पुतळे काढणाऱ्याला भिंती मोकळ्या करून मन मात्र भरलेले ठेवण्याचा. पहिली परंपरा सांगते की देव माणसांच्या आयुष्यातून दिसतो. दुसरी सांगते की त्याच्या वचनाच्या आड काहीही येऊ नये.

मराठीत रुजलेली एकदेवनिष्ठा

मराठीत ही श्रद्धा पहिल्यांदा मोठ्या काव्यात आणली ती इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापलेले त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. मराठी ग्रंथांच्या रिवाजाप्रमाणे त्याचा आरंभही नमनाने होतो. हे नमन स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या सर्वसमर्थ देवबापाला आहे.

एकोणिसाव्या शतकात बेळगावचे बाबा पदमनजी परमहंस सभेच्या संपर्कात आले. मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारून एका ईश्वराची प्रार्थना करणारी ही मंडळी होती. तिथून पुढे जात १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग-भजनांच्या वळणाची ख्रिस्ती गीते लिहिली. पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साही लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी आराधनेचीच भाषा बनली.

आजच्या मूर्ती

दगडाची किंवा लाकडाची मूर्ती नसली तरी पहिली आज्ञा मोडता येते. लोभ हीच मूर्तिपूजा आहे, असे पौलाने कलस्सैकरांस पत्रात लिहिले. देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, असे येशूने बजावले. सत्ता, जात, वंश, राष्ट्र, स्वतःचे यश यांपैकी जे माणसाकडून सर्वस्व मागते आणि ज्याच्यासाठी तो दुसऱ्याचा बळी द्यायला तयार होतो, ते त्याचे दैवत झालेले असते.

आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी याहून कठोर सांगितले. गरिबाला लुबाडून केलेले उत्सव, गीते आणि उपास देवाला नकोत, न्याय हवा. म्हणून रविवारची मिस्सा आणि सोमवारचा व्यवहार वेगळे काढता येत नाहीत. फादर दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचे नेतृत्व केले आणि वसईची शेती, झाडे आणि पाणी यांसाठी दडपशाहीला न घाबरता उभे राहिले. निर्माता एकच मानला, तर जमीन आणि पाणी ही त्याची निर्मिती ठरते. ती पैशाच्या स्वाधीन करणे ही श्रद्धेच्याही विरोधातली गोष्ट होते.

शेजाऱ्यांसोबत राहताना

पालघर-बोईसर भागात कारखाने आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसे एका चाळीत राहतात. तिथे ही आज्ञा रोजच्या प्रश्नांत उतरते. शेजाऱ्यांनी आणून दिलेला गणपतीचा प्रसाद घ्यावा का? मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी असाच प्रश्न करिंथच्या ख्रिस्ती लोकांनी पौलाला विचारला होता. मूर्ती म्हणजे काही नव्हे आणि अन्नाने कुणी देवाच्या जवळ जात नाही किंवा दूरही जात नाही, असे पौलाने लिहिले. पण आपल्या खाण्याने एखाद्या दुबळ्या श्रद्धेच्या भावाचे मन दुखावत असेल, तर ते टाळावे, असेही त्याने सांगितले. मंदिरातल्या पूजेत सहभागी होऊ नये, हेही त्याने बजावले. आज काही ख्रिस्ती कुटुंबे प्रसाद शेजाऱ्याची माया म्हणून घेतात, काही नम्रपणे नको म्हणतात. दोघांच्याही मनात तीच पहिली आज्ञा असते.

व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांतले जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले. एकाच देवाची आराधना हे ख्रिस्ती माणसाने स्वतःला घालून घेतलेले बंधन आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेचा अपमान करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ज्या देवाची तो आराधना करतो त्यानेच शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितले आहे, आणि शेजारी म्हणजे कोण, हे समजावताना येशूने चांगुलपणाचा नमुना म्हणून परधर्मी मानल्या गेलेल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. देवावरची निष्ठा अविभक्त ठेवायची आणि माणसांवरची प्रीती सर्वांना मोकळी ठेवायची, ही या आज्ञेची दोन्ही अंगे पाळली तरच ती पूर्ण होते.